बाईंच्या घरचा पेशंट

इस्पितळात बाईंना घाबरत नाही असं म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांचा नवरा. तोही थापच मारत होता, ही गोष्ट वेगळी.

बाई म्हणजे मेडिसिनच्या सर्वांत जुन्या डॉक्टर. त्या नोकरीला लागल्या तेव्हा मेडिसिन हा एकच मोठा विभाग होता. ताप, धाप, कावीळ, झटका, सूज, जे येईल ते एकाच वॉर्डात आणि एकाच डॉक्टरपुढे. आता इस्पितळाने माणसाचे वाटे घातले होते. पहिल्या मजल्यावर हृदय, दुसऱ्यावर किडनी, तिसऱ्यावर मेंदू आणि नसा, चौथ्यावर ग्रंथी. "आख्खा माणूस कुठल्या मजल्यावर बघतात हो?" असं बाई लिफ्टवाल्याला अधूनमधून विचारत, आणि तो न चुकता "तळमजल्यावर, बाई" म्हणे, कारण बाईंची खोली तळमजल्यावर होती.

वरच्या मजल्यांवरचे सगळे प्रमुख एके काळचे त्यांचेच विद्यार्थी. बाईंनी त्यांची नावं केव्हाच बाजूला ठेवली होती. हृदयवाला, किडनीवाला, नसांवाला, ग्रंथीवाली. पन्नाशीला टेकलेली ही मोठी माणसं, पण बाई समोरून येताना दिसल्या की हात आपोआप कोटाच्या बटणांकडे जात.

बाईंचा एकच हेका होता. पेशंटचा इतिहास नीट घ्या. कधीपासून, कसं, आधी काय झालं होतं, घरात कोणाला काय आहे, काय खातो, काय पितो, काय चघळतो, झोप कशी, शौच कसं, आणि शेवटी, सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, तुम्हाला स्वतःला काय वाटतं काय झालंय. हा शेवटचा प्रश्न न विचारणाऱ्या कित्येकांना त्यांनी भर वॉर्डात सोलून काढलं होतं. "अर्धवट घेतलेल्या इतिहासापेक्षा न घेतलेला बरा," त्या म्हणत. "तो घेतलेला नाही एवढं तरी आपल्याला माहीत असतं." चहाच्या वेळी मात्र बाई मऊ होत आणि पोरांना वैद्यकाच्या जुन्या गोष्टी सांगत. लघवीची चव घेऊन साखर ओळखणारे वैद्य, बाईमाणसाच्या छातीला कान कसा लावायचा म्हणून संकोचून कागदाची सुरळी केलेला आणि त्यातून छाती ऐकण्याची नळी शोधून काढलेला डॉक्टर. त्या गोष्टी ऐकायला इतर विभागांतली पोरंही चोरून येऊन बसत.

नवरा बाइंडर होता. घराखालीच त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान. इस्पितळाच्या ग्रंथालयातली जुनी, पाठ मोडलेली वैद्यकाची पुस्तकं त्याच्याकडेच येत, म्हणून त्याचं इस्पितळात जाणंयेणं होतं. बाई घरी त्याला "अहो" म्हणत, इस्पितळातही भर व्हरांड्यात "अहो" म्हणूनच हाक मारत, त्यामुळे शिपायापासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे त्याला अहोच म्हणू लागले. "अहो आले होते, पुस्तकं ठेवून गेले." माणूस बोलका, हसरा, आणि बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक टाके घालता घालता वाचून काढणारा. गेल्या वर्षी त्याने सिगारेट सोडली. तीस वर्षं ओढलेली सिगारेट एका आठवड्यात बंद. बाईंनी ही बातमी चारही मजल्यांवर स्वतः पोचवली. "मी म्हटलं, आता पुरे. झालं." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होई की काही विचारू नये.

तर दुखण्याची सुरुवात पोटऱ्यांपासून झाली. पहाटे अहोंच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मग जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. बाईंनी जेवणाच्या टेबलावरच रक्तदाब मोजला, तो चांगलाच वर. "वय झालं," त्या म्हणाल्या आणि गोळी सुरू केली. "वय झालं" हे निदान लिहिलं म्हणून त्यांनी एकदा एका विद्यार्थ्याला तीन दिवस वॉर्डात पाऊल टाकू दिलं नव्हतं. पण तो वॉर्ड होता. हे घर होतं, आणि समोर कोशिंबीर होती.

पुढे दुकानातला शिकंजा अहोंना जड जाऊ लागला. शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. त्याचा वरचा दांडा दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. चाळीस वर्षं गुणगुणत फिरवलेला दांडा आता अर्ध्यात सोडून अहो स्टुलावर टेकत. घरातही त्यांनी एकेक काम अंगावेगळं करायला सुरुवात केली. पाण्याची मुख्य चावी कुठली ते बाईंना दाखवलं आणि म्हणाले, तूच बंद करून बघ. वीज गेली तर फ्यूज तूच घाल. बँकेत तूच जाऊन ये एकदा, काउंटरवरच्या मुलीशी ओळख करून घे. बाई करवादल्या. दिवसभर शंभर पेशंट बघून घरी यावं आणि नवऱ्याने फ्यूजची शिकवणी घ्यावी. "आळस चढलाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. अहो हसले.

मग एका सकाळी त्यांच्या मनगटावर सहज बोटं ठेवली तर नाडीचे मधलेच ठोके गळत होते. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हाताला धरून पहिल्या मजल्यावर नेलं.

हृदयवाला अहोंना बघताच उठून उभा राहिला. स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला, कार्डिओग्राम स्वतःच्या हातांनी काढला, हृदयाची सोनोग्राफीही स्वतः केली. जे काम तो एरवी हाताखालच्यांवर सोपवी ते त्याने मान खाली घालून केलं. मग अहोंना विचारलं, "बाकी सगळं ठीक?" आणि उत्तरासाठी बघितलं मात्र बाईंकडे. बाई म्हणाल्या, "ठीक." हृदय भक्कम होतं, ठोकेच तेवढे वेडेवाकडे पडत होते.

नसांवाल्याने खांदे आणि मांड्या तपासल्या. ताकद कमी आहे, पण नस शाबूत आहे, असं म्हणाला आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात पोटॅशियम कमी निघालं. पोटॅशियम म्हणजे किडनीवाला. त्याने एक पातळ औषध दिलं, इतकं खारट की अहो नाक धरून पीत. महिनाभर प्यायले. आकडा थोडा वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. शरीर पोटॅशियम लघवीवाटे फेकून देत होतं, आणि रक्तदाब तीन गोळ्यांनाही जुमानत नव्हता. दोन्ही एकत्र म्हणजे किडनीच्या डोक्यावर बसलेली ग्रंथी, असा तर्क करून ग्रंथीवालीने फोटो काढला. डाव्या ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ दिसली. ग्रंथी जास्तीचा रस सोडते, त्याने मीठ साठतं, पोटॅशियम वाहून जातं, दाब वाढतो. सगळं कसं चपखल बसलं. गाठ काढली की प्रश्न मिटला.

त्या रसाची पातळी मोजायला रक्त दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं होतं. एरवी ते उत्तर आल्याशिवाय सर्जन तारीख देत नसे. पण बाईंच्या घरचा पेशंट. सर्जन स्वतः तळमजल्यावर आला. "त्यांना रांगेत कशाला ठेवायचं, बाई? येत्या गुरुवारी पहिलीच केस घेतो." बाईंचे डोळे भरून आले. आपण पोरांना नुसतं मेडिसिन नाही, माणुसकीही शिकवली, असं त्यांना वाटलं.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. ग्रंथीवाली ते घेऊन खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाई, रस कमी आहे."

"कमी?"

"जवळजवळ नाहीच. भरपूर असायला हवा होता." ती घाईने पुढे म्हणाली, "नमुना खराब झाला असेल. शिवाय पोटॅशियम खाली असलं की हा आकडाही कधीकधी खाली येतो. आपण पुन्हा पाठवू. पण गुरुवार मोडायला नको, एवढ्या लवकरची तारीख पुन्हा मिळायची नाही."

बाईंनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना विचारला होता. "इतिहास काय सांगतो?"

ग्रंथीवाली फाइल चाळू लागली.

"इतिहास कोणी घेतलाय?"

"किडनीवाल्यांनी घेतला असेल. त्यांच्याकडून माझ्याकडे आले ना अहो."

बाईंनी किडनीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नसांवाल्याकडे झालाच असेल. नसांवाला म्हणाला, सुरुवात हृदयवाल्याकडे झाली, त्याने घेतला असणार. हृदयवाला अगदी शाळकरी पोराच्या आवाजात म्हणाला, "बाई, मी म्हटलं तुम्ही घेतलाच असेल. तुमच्यासमोर मी त्यांना काय विचारणार? दारू पिता का, शौचाला होतं का? तुम्ही तिथेच उभ्या होता."

बाईंनी फोन खाली ठेवला. चार मजले, चार प्रमुख, इस्पितळातली सगळी यंत्रं, आणि त्या माणसाला कोणी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांनी बाईंचा मान राखला होता. आणि बाईंनी? बाईंना वाटलं होतं, तीस वर्षं एका ताटात जेवतोय, या माणसाला आणखी विचारायचं काय.

त्या संध्याकाळी त्या घरी गेल्या. घरी हे जमणार नाही हे त्यांना दोन मिनिटांत कळलं. तोंड उघडलं की अहो कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, नाहीतर मुलीचा फोन यायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर त्यांनी त्यांना खोलीवर बोलावलं.

अहो आले आणि नेहमीसारखे खिडकीजवळच्या बाकावर बसले. शेकडो वेळा ते तिथेच बसून बाईंची वाट बघत.

"तिथे नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर जा. मी हाक मारली की आत या. आणि पेशंटच्या खुर्चीत बसा."

"अगं पण..."

"अगं नाही. मी डॉक्टर आहे, तुम्ही पेशंट. आपली ओळख नाही."

अहो बाहेर गेले. बाईंनी घंटी वाजवली. अहो आत आले, नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांच्या डोळ्यांत मिस्कील हसू होतं, पण बाईंचा चेहरा बघून ते त्यांनी आवरलं.

"नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. वय सांगितलं. धंदा सांगितला.

"लग्न?"

"झालंय, डॉक्टर. बायको मोठी डॉक्टर आहे. तुमच्यासारखीच. तुमच्यापेक्षा जरा जास्त ओरडते."

"मुलं?"

"एक मुलगी. डॉक्टर नाही, देवाची कृपा."

बाईंनी हसू दाबलं आणि विचारत गेल्या. काय होतं? कधीपासून? आधी काय झालं, मग काय? अहो सांगत गेले, आणि बाईंना कळलं की आपल्याला यातलं निम्मंही माहीत नाही. पोटऱ्यांतले गोळे बाईंना वाटले होते त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. रात्री लघवीला उठावं लागे, पण बाईंची झोप मोडू नये म्हणून ते अंधारात भिंत चाचपत जात. एकदा पडलेही होते. गुडघ्यावरचा तो काळानिळा डाग दुकानातल्या पुठ्ठ्याचा नव्हता.

"घरात कोणाला रक्तदाब?"

"वडिलांना. ते वारले तेव्हा मी शाळेत होतो. नक्की कशाने ते कोणी सांगितलं नाही." जरा थांबून ते म्हणाले, "तुम्ही पहिल्याच विचारलंत."

तीस वर्षांच्या संसारात बाईंनी हे विचारलं नव्हतं. सासरे लवकर गेले एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी मान खाली घालून पुढचा प्रश्न काढला.

"व्यसन?"

"सिगारेट होती. सोडली."

बाई पुढे सरकणार होत्या. इथे त्या नेहमी मान ताठ करून पुढे सरकत. पण विद्यार्थ्यांना त्या जे शिकवत ते त्यांना आठवलं. पेशंट म्हणाला सोडली, तर विचारा, कशी सोडली. माणूस एक गोष्ट सोडतो तेव्हा हाताला दुसरी काहीतरी लागतेच.

"कशी सोडली?"

अहो जरा घुटमळले. "बायकोला वाटतं तिच्या ओरडण्याने."

"आणि?"

"ज्येष्ठमध चघळून."

"किती?" बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"दिवसभर. दुकानात काड्यांचं खोकं असतं. एक संपली की दुसरी तोंडात. सिगारेटसारखीच धरता येते बोटांत, म्हणून बरं पडतं. बांधायला आलेल्या एका जुन्या वैद्यकाच्या पुस्तकात वाचलं मी. हजारो वर्षं वैद्य तो देत आलेत. घसा, खोकला, पोट, तहान, सगळ्यावर. म्हटलं एवढे सगळे वैद्य काय चुकीचे असतील?"

"तुम्ही हे औषध घेत होतात आणि मी वरून गोळ्या देत होते. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ते औषध कुठंय? मुळी आहे ती. गोड लागते." मग त्यांना खेळ आठवला. "आणि तुम्ही कुठे विचारलं होतंत, डॉक्टर? आपली तर आत्ताच ओळख झाली."

बाईंनी कपाळाला हात लावला. दरवर्षी, चहाच्या वेळी, त्या पोरांना एक गोष्ट सांगत. पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देणारा एक डॉक्टर होता. अल्सर बरे होत होते, पण पेशंटच्या पायांवर सूज चढू लागली, धाप लागू लागली. त्याने ते बघितलं, लिहून ठेवलं, आणि मग कळलं की ही गोड मुळी शरीराला फसवते. ग्रंथीने रस सोडलेला नसतो, तरी शरीर तो मिळाल्यासारखं वागतं. मीठ साठवतं, पोटॅशियम फेकून देतं, दाब वाढवतं. ग्रंथी बिचारी गप्प बसलेली असते. म्हणून रक्तातला रस जवळजवळ नाहीच. हृदय, किडनी, नसा, ग्रंथी, चार मजल्यांवर वाटून गेलेलं सगळं दुखणं एका काडीत होतं. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती, आणि घरी रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या श्वासाला येणारा गोडसर वास त्या दुकानातल्या पुस्तकं चिकटवायच्या खळीचा समजत होत्या.

त्यांचा हात फोनकडे गेला. सर्जनला सांगायला हवं होतं. ग्रंथीवालीला सांगायला हवं होतं. गुरुवार मोडायचा होता. वाटाण्याएवढ्या अशा निरुपद्रवी गाठी कितीतरी लोक आयुष्यभर पोटात घेऊन हिंडतात आणि कधी कोणाला कळतही नाही. बाईंना उठून नाचावंसं वाटत होतं.

पण इतिहास अजून संपला नव्हता. अर्ध्यात सोडणाऱ्यांना त्यांनी जे काही ऐकवलं होतं ते त्यांना चांगलंच आठवत होतं. त्यांनी हात मागे घेतला.

"शेवटचा प्रश्न," त्या म्हणाल्या. आवाजात आता सुटकेचा मोकळेपणा होता, जवळजवळ मजाच. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालंय?"

टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत अहो म्हणाले, "डॉक्टर, माझ्या बायकोला सांगणार नाही ना?"

"नाही."

"मला वाटतं, मी जातोय. हात जातायत, पाय जातायत, आता हृदयही सुटायला लागलंय. माझे वडीलही असेच गेले असणार. बायकोला कळत नाही असं नाही. तिला सगळं कळतं. एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांकडे फिरवते आणि माझ्याशी काही बोलत नाही, म्हणजे काहीतरी वाईटच असणार. मीही विचारत नाही. कशाला तिला सांगायला लावायचं? मी आपलं तिला एकेक शिकवून ठेवतोय. पाण्याची चावी, फ्यूज, बँक. तिला घरातलं काही येत नाही हो. कधी करू दिलं नाही मी. गुरुवारी काही झालं तर निदान अंधारात बसायला नको तिला."

पेशंटच्या समोर डॉक्टरने रडू नये हा बाईंचाच नियम होता, आणि तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला. अहो घाबरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "अगं, खेळ होता ना?" ते म्हणाले. "मी आपलं तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"तुम्ही कुठे जात नाही आहात," बाई नाक ओढत म्हणाल्या. "काड्या चघळणं बंद करा, मूर्ख माणसा."

अहोंना आधी ते कळलंच नाही. बाईंनी दोनदा समजावून सांगितल्यावर ते पुन्हा पेशंटच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे फ्यूज मीच घालायचा?"

"नाही. आता येतो मला."

गुरुवारची तारीख मोडली. सर्जन जरासा हिरमुसला, कारण बाईंसाठी काहीतरी करायची संधी हुकली होती. ग्रंथीवाली मात्र खुर्चीत मागे टेकून हसत सुटली आणि मग एकदम हसू आवरून म्हणाली, "आम्ही त्यांची चांगली ग्रंथी काढून टाकली असती, बाई." दुकानातलं खोकं अहोंनी स्वतः रिकामं केलं. पहिला आठवडा त्यांचा वाईट गेला. तोंड चाळवे, चिडचिड होई, एकदा तर त्यांनी टाक्यांच्या दोऱ्याचं टोकच चघळलं. पण महिन्याभरात खारट औषध बंद झालं आणि आकडा जागचा हलला नाही. तीन गोळ्यांची एक झाली, मग तीही अर्धी. जिना चढताना अहो मधे थांबेनासे झाले. एका सकाळी वर चहा पीत असताना बाईंना खालून शिकंज्याचा दांडा करकरत फिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गुणगुणणं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि खिडकीशी जाऊन नुसत्या ऐकत राहिल्या.

मग फेरतपासणीचा दिवस आला. चौथ्या मजल्यावर ग्रंथीवालीने दार उघडलं आणि सवयीने दोघांनाही आत घेऊ लागली. बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या. "तू त्यांना विचार. सगळं. मी बाहेर बसते."

"बाई, तुम्ही बाहेर?"

"मी असले की तू विचारणार नाहीस, आणि मी असले की ते सांगणार नाहीत. आणि शेवटचा प्रश्न विसरू नकोस."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर दोन-चार पेशंटांची माणसं बसली होती, कोणाच्या मांडीवर पिशवी, कोणाच्या हातात पाण्याची बाटली. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. कोट त्यांनी आज घातलाच नव्हता. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. मधेच अहोंचं हसणं आलं आणि पाठोपाठ ग्रंथीवालीचं. कशावर हसले असतील? बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला. आयुष्यभर त्यांनी पोरांना बजावलं होतं की इतिहासाला वेळ लागतो, घाई करू नका, आणि आता तोच वेळ त्यांचा अंत पाहत होता. दोनदा त्या उठल्या आणि दोनदा बसल्या.

या मजल्यावर नव्याने लागलेली एक नर्स जवळ येऊन उभी राहिली. तिच्या हातात फाइलींचा गठ्ठा होता.

"आजी, तुम्ही आतल्या पेशंटच्या कोण?"

बाजूच्या बाकावरचे वॉर्डबॉय दचकून बघू लागले. बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"बायको," त्या म्हणाल्या.

"मग बसा जरा. डॉक्टर त्यांच्याशी बोलतायत, वेळ लागेल."

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि बाकावर नीट मागे टेकून बसल्या.